सत्तरीचे पेढे

देहवय सत्तर झाल्याशिवाय पेन्शन नाही, हा कायदा एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. जन्मतारीख कुणी विचारत नसे. काळ आणि कष्ट शरीरातल्या पेशींवर रासायनिक खुणा उमटवतात. रक्ताच्या थेंबातून त्या वाचायच्या आणि शरीर खरोखर किती म्हातारं झालंय ते सांगायचं, ही रीत डॉ. केतकी सामंत यांनीच शोधली होती. पैसेवाले उपचार घेऊन नव्वदीतही पन्नाशीचे राहतात आणि राबणारे साठीत मोडतात, मग आधी आधार कुणाला? केतकीला या विचाराचा अजूनही अभिमान होता.

इचलकरंजीच्या तपासणी केंद्रात तिच्यासमोर यमुनाबाई घोडके बसल्या होत्या. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. आताशा तुटलेला धागा दिसत नव्हता, गुडघे धरत होते, तरी कामावर जाणं भाग होतं. गेल्या वर्षी देहवय एकोणसत्तर आलेलं, म्हणजे यंदा सुटका नक्की. पडद्यावर मात्र एकसष्ट उमटलं.

केतकीनं खोदून खोदून विचारलं. पेन्शन व्हावी म्हणून बाईंनी अंबाबाईला नवस बोलून वर्षभर एकभुक्त केलं होतं, दिवसातून एकदाच जेवण. हसावं की रडावं, केतकीला कळेना. पोटाला विसावा मिळाला की पेशी आपली डागडुजी करून घेतात, असं तिनं समजावलं. नवसानंच घात केला होता.

यमुनाबाईंनी पडद्यावरच्या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"मग म्हातारं व्हायला काय करू, बाई?"

"असं विचारू नका, मावशी. दोन वेळा जेवा, झोप मोडू नका. जागरणाइतकं शरीर कशानंच झिजत नाही."

बोलून गेल्यावर केतकीनं जीभ चावली. यमुनाबाईंनी शांतपणे मान डोलावली.

त्या वर्षी गावात रातपाळी मिळवण्यासाठी भांडणं लागली. केंद्रातले आकडे भराभर चढत गेले, आणि ते पाहताना केतकीला जागरणाबद्दलचं आपलंच वाक्य आठवू लागलं.

वर्षानं यमुनाबाई पुन्हा आल्या तेव्हा तिनं त्यांना ओळखलंच नाही. गाल बसलेले, हात कापत होते. पडद्यावर एकाहत्तर आलं. पेढे त्यांनी घरून निघतानाच घेतले होते. एक पेढा केतकीच्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं,

"आता झोपलं तर चालंल न्हवं?"

केतकीला पेढा तोंडात घालवेना. दरवर्षी रक्त तपासायचं आणि देहवय सत्तरच्या खाली आलं की पेन्शन बंद करायची, हे कलम तिनंच घालायला लावलं होतं. श्रीमंतांनी तरुणही व्हावं आणि पेन्शनही खावी, असं होऊ नये म्हणून.

यमुनाबाई जांभई आवरत उत्तराची वाट पाहत होत्या.