करंजावरचा घाव

कशेळ्याच्या पुढे, रस्त्यालगत आमची प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेडच. करंजाच्या पानांच्या अर्कात लोहाचा क्षार मिसळला की डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात आणि ते टाकलेलं इंधन कमी धुरात जळतं. रोज किती पानं, किती तापमान, हे संगणकावरचं एआय सकाळी सुचवायचं.

जागा शेडमागेच राहणाऱ्या पोपटची. पानंही तोच आणायचा. दाराजवळचा करंज तेवढा तोडायचा नाही, एवढीच त्याची अट होती. "माजी नाळ हितं पुरल्याली हाय, ताई," तो म्हणाला होता. मी हसून मान डोलावली होती.

फेब्रुवारीत एआयने नवा रकाना मागितला: घाव. मला ते पटलं. जखमी झाड बचावासाठी पानांत जास्त रसायनं भरतं, यात नवल काही नाही. पहिली सूचना होती, दाराजवळच्या झाडावर काठीचे दहा घाव. पोपटने साफ नकार दिला. मग मीच काठी उचलली. झाडाला बडवणारी बाई बघून जीपवाले हसत गेले, पण त्या पानांनी इंधनाचा धूर निम्म्यावर आला.

दहाचे वीस झाले, काठीची सळई झाली. साल सोलून निघाली. खरं सांगते, मला त्यात मजा येऊ लागली होती. वर्षभराच्या फसलेल्या प्रयोगांचा राग मी त्या खोडावर काढत होते.

पोपट कामावर यायचा थांबला. पाचव्या दिवशी त्याची बायको, सोनाबाई, मला शेडमागच्या त्यांच्या घरी घेऊन गेली. तो पालथा पडला होता. पाठीवर सळईचे वळ. मी मोजले, वीस. एका जागी कातडी सोलली होती.

कोणी मारलं, मी विचारलं.

"घरात मी न् ह्ये, दोगंच व्हतो," सोनाबाई म्हणाली. "बसल्या जागी वळ उटत्यात. झाडाला आता हात लावू नका, ताई. ह्यो मरंल."

माझं डोकंच फिरलं. कुठली तरी मारामारी लपवायची आणि आळ माझ्यावर? तरातरा परत आले. त्या दिवशीची सूचना उघडलीसुद्धा नाही. या खुळचटपणाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

कोयता घेतला. सवयीने घड्याळ पाहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. मानेच्या उंचीवर एकच घाव घातला.

कोयता खोडात रुतून बसला.

काही झालं नाही. मी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. ओरखडाही नव्हता.

मग सोनाबाईची किंकाळी आली.

मी पोहोचले तेव्हा रक्त उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ती दोन्ही हातांनी त्याची मान दाबून धरत होती. हातांखाली धरण्यासारखं फार उरलं नव्हतं.

संध्याकाळी पोलिसांना नोंदी दाखवायला मी संगणक उघडला. सकाळी सहाला आलेली सूचना न वाचलेली तशीच होती.

साधन: कोयता. घाव: एक. वेळ: ११.१०. अपेक्षित धूर: शून्य.