व्यक्ती दोन

फेरीबोटीवर चित्रीकरण करण्याची परवानगी मिळवायला मला तीन महिने लागले. अर्ज, विम्याचे कागद, आमच्या तिघांचे फोटो. कार्यालयाचे उंबरठे झिजवता झिजवता माझ्याच चपला झिजल्या. शेवटी उरली एक चाचणी. धक्क्याला लागलेल्या बोटीवर आम्ही कठड्याशी उभं राहायचं आणि पहारेकऱ्याने कार्यालयाच्या कॅमेऱ्यावर आमचं मिनिटभर चित्रण करायचं. ओळख पटवण्यासाठी असेल, असं मी धरून चाललो.

डावीकडे कॅमेरामन, उजवीकडे मी आणि मधे माझी धाकटी बहीण. आवाजाचं काम तिचं. या फिल्मसाठी तिनं हातची नोकरी सोडली होती, आणि पाण्याची तर तिला लहानपणापासून धास्ती.

"दादा, हात काढू नकोस हं," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांनी परवानगीचं पत्र पुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, व्यक्ती दोन.

"साहेब, आम्ही तिघं आहोत."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. करडं पाणी, कठडा, डावीकडे कॅमेरामन. उजवीकडे मी, आणि माझा हात खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकलेला.

"तुमचा कॅमेरा बिघडलाय."

"असेल. पण यात जे दिसत नाहीत, त्यांना आम्ही बोटीवर घेत नाही." त्यांनी पडदा परत वळवला. "बऱ्या आहेत ना त्या?"

"ठणठणीत आहे."

"हे पत्र परत केलंत तरी चालेल. मी असतो तर केलं असतं."

मी घाबरलो, हे कबूल करतो. पण तीन महिन्यांनी हाती आलेला कागद सोडवेना. बहिणीला म्हटलं, जागा दोघांचीच आहे, तू धक्क्यावर थांब. तिचं तोंड एवढंसं झालं. माझ्या कॉलरला माइक लावून देऊन ती बाकावर जाऊन बसली.

सकाळी अकराची फेरी, लख्ख ऊन. बोट सुटली तेव्हा ती हात हलवत होती. मी कठड्याशी त्याच जागी उभा राहून कॅमेऱ्यासमोर बोललो. ते चित्रण आठवायला नको म्हणून दोन्ही हात खिशात घातले होते.

तासाभरानं परतलो. बाकावर तिचे हेडफोन होते.

ती नव्हती.

फाटकावरचा तिकीट तपासनीस म्हणाला, "बाहेर तर कोणीच गेलं नाही."

पोलिसांनी पाण्यातही शोधलं. आज अकरावा दिवस.

सकाळी पहिल्यांदाच त्या फेरीचं ध्वनिमुद्रण लावलं. इंजिनाची घरघर, माझं बोलणं. मग कॉलरपाशी, अगदी जवळ, तिचा आवाज.

"दादा, हात का काढलास?"

ती पुन्हा पुन्हा तेच विचारते. आणि माझा आवाज, मजेत, पाणी किती खोल आहे ते सांगत राहतो.