नऊ घरांचा शब्द

सोलापूरच्या आसरा चौकात शेअर रिक्षा भरली तेव्हा उत्कर्षाच्या शेजारी एक मुलगा येऊन टेकला. तिचं लक्षही नव्हतं. मांडीवरच्या कागदाकडे बघत ती पुटपुटत होती, "...आणि म्हणून पृथ्वीचं तापमान शक्यतो अडीच अंशांपेक्षा जास्त वाढू न देणं, हा पॅरिस कराराचा..."

"दीड," शेजारून आवाज आला.

तिने वर पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, धुऊन धुऊन फिका पडलेला शर्ट, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू.

"काय?"

"दीड अंश हाय. अडीच न्हाय. म्हंजे... तुमी पाठ करताय म्हणून सांगितलं."

"एका अंशानं काय एवढं बिघडतं?" ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली.

"अंगात एक अंश ताप चढला तर कॉलेजला बुट्टी मारताय का न्हाय? तसंच की."

रिक्षावाला खुदकन हसला. उत्कर्षाने मान दुसरीकडे वळवली, कारण तिलाही हसू आलं होतं आणि ते त्या आगाऊ मुलाला दाखवायची तिची इच्छा नव्हती. कॉलेजच्या फाटकाशी ती उतरली, तर तोही उतरला. तिच्या मागून मराठी विभागाच्या पायऱ्या चढला. आणि पंचाक्षरी सरांच्या टेबलापुढे दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

"आलात? बरं झालं," सर म्हणाले. "उत्कर्षा, हा बिरुदेव. भूगोलाचा, शेवटच्या वर्षाचा. हा तुझा जोडीदार."

दोघांच्याही माना एकदम खाली गेल्या.

"स्पर्धेतला," सर चष्मा पुसत म्हणाले.

अमेरिकेने हवामान करारातून बाहेर पडायचं जाहीर केल्याला महिनाही झाला नव्हता आणि आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला तोच विषय आला होता. 'स्वतःच्या जनतेच्या हितासाठी एखाद्या राष्ट्राने हवामान करारातून बाहेर पडणे समर्थनीय आहे.' प्रत्येक कॉलेजचे दोन वक्ते. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात. दोघांचे गुण मिळून ढाल. कोण कुठल्या बाजूने, यासाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि बाहेर पडणाऱ्याची बाजू उत्कर्षाच्या वाट्याला आली.

"सर, पण मलाच ते पटत नाही."

"स्वतःला न पटलेलं दुसऱ्याला पटवायचं, तिथंच तर वक्ता कळतो," सर म्हणाले. "लागा कामाला."

मग पंधरा दिवस दोघं रोज कॅन्टीनमागच्या लिंबाखाली बसले. पहिले दोन दिवस 'तुम्ही' चाललं, तिसऱ्या दिवशी कधी 'तू' झालं ते कळलंही नाही. फेब्रुवारीतच सोलापूरचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. बिरुदेव आधी येऊन सावलीची जागा तिच्यासाठी धरून ठेवी आणि स्वतः उन्हात बसे.

"काय अमेरिका, आज उशीर?"

"मला नावं ठेवशील तर बाहेर पडेन हं मी."

"तसं लगेच पडता येत न्हाय. आदी नोटीस द्यायची, मग वरीसभर थांबायचं. करारात लिवलंय."

"म्हणजे अजून वर्षभर तुझं तोंड बघायचं?"

"मला चालंल," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्याला बिचकून चहाच्या कपात बघत बसला.

उत्कर्षाचे बाबा जुळे सोलापुरात राहणारे, बँकेतले. घरात सगळं मोजून-मापून बोलायची रीत. आणि हा मुलगा बोलता बोलता थांबायचा, शब्द शोधायचा, सापडला नाही तर हातानेच दाखवायचा. कागदांची देवघेव करताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली की दोघंही वाक्य विसरायची. मंचावर मात्र तो शुद्ध, घडीव बोलायचा. तिला तो लिंबाखालचाच जास्त आवडायचा.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. "आपलं घर आधी, मग जग," हा मुद्दा ती मांडायला लागली की बिरुदेव गप्प होई. खोडून काढायचं त्याचंच काम, पण तो नुसता मातीत रेघा ओढत राही. स्पर्धेच्या चार दिवस आधी, संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी दोघं चालत असताना तिने विचारलंच.

"त्या मुद्द्याला तू दरवेळी अडतोस. का रे?"

तो चालता चालता थांबला. मग कठड्याला टेकला.

"आमची वस्ती सांगोल्याच्या अंगाला. नऊ घरं, सगळी मेंढरंवाली. मी दहावीत होतो, त्या वर्षी पाऊसच न्हाई झाला. वस्तीच्या तळ्याखाली एवढंसं कुरण राहिलेलं. नऊ घरांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शब्द दिला, की अक्षय्य तृतीयेपातूर त्यात कुणी मेंढरू घालायचं न्हाय. मग सगळ्यांनी मिळून वाटून चारायचं."

"मग?"

"फाल्गुनात एका सकाळी कुरण चरलेलं दिसलं. आमची मेंढरं होती. आबानं, म्हंजे माझ्या बानं, कबूल केलं. मग काय... याची चरली तर आमी का थांबायचं, म्हणून सगळ्यांनी घातली. आठ दिवसांत खालची माती दिसायला लागली. वैशाखात नऊच्या नऊ घरांची मेंढरं मेली, उत्कर्षा. कुणाची अर्धी, कुणाची सगळी."

तळ्यावरून वारा आला. तिने नकळत त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"कुणी आमाला हाकललं न्हाय. आबाच म्हणला, ह्या माणसांत आता कसं बसू? मग हितं सोलापूरजवळ कुंभारीला आलो. आबा जुळे सोलापुरात वॉचमन हाय. तवापासनं वस्तीवर गेलेला न्हाय, सोयऱ्याच्या लग्नालाबी न्हाय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाय. तूबी..."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "शब्द."

त्या क्षणी ती ते अगदी मनापासून म्हणाली होती.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. उत्कर्षाच्या आधी कोल्हापूरची एक मुलगी बोलून गेली आणि टाळ्या थांबेनात. मग उत्कर्षाचं नाव पुकारलं. तिने आकडे मांडले, कारखाने मांडले, बेकारी मांडली. तीन मिनिटं झाली. पहिल्या रांगेतले एक परीक्षक घड्याळाकडे बघत होते. मागे कुणीतरी जांभई दिली. तिने कागद उलटला, पुढेही आकडेच होते. आणि मग... ते तिच्या जिभेवर आलं. नाव कुठं घेतेय मी, असं तिने मनाला सांगितलं.

"मित्रहो, एका मेंढपाळाची गोष्ट सांगते..."

घड्याळाकडे बघणाऱ्या परीक्षकांनी मान वर केली. तिने नऊ घरं सांगितली, कुरण सांगितलं, उचललेला भंडारा सांगितला. आवाज कुठे खाली आणायचा, हे तिला उपजत कळत होतं. "तो माणूस दुष्ट नव्हता," ती म्हणाली. "त्याच्या दारात कोकरं उपाशी ओरडत होती, घरात लेकरं होती. दिलेला शब्द पाळायचा की लेकरं जगवायची, यात त्याने लेकरं निवडली. तुम्ही त्याला गुन्हेगार म्हणाल? मग राष्ट्राला कसं म्हणता?"

टाळ्यांनी छत दणाणलं. जागेवर येऊन बसेपर्यंत तिचे कान गरम झाले होते. बिरुदेवकडे बघायचं तिला सुचलंच नाही. पुढचं नाव त्याचंच होतं.

तो माइकपाशी उभा राहिला. हातात कागद होता, तो त्याने घडी करून खिशात घातला.

"आत्ताच्या वक्त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे," त्याने शुद्ध भाषेत सुरुवात केली. मग त्याचा आवाज बदलला. "फकस्त एक चुकलंय. त्या दिवशी मेंढरं त्या माणसानं घातली न्हाईत. त्याच्या पोरानं घातली, आई-बा झोपेत असताना. सकाळी पंच आले तवा बापानं पोराला मागं सारलं आणि म्हणला, मी घातली. पोरगं दहावीला हाय, त्याचं नाव कशाला निगाया पायजे, असं वाटलं असंल त्याला." त्याने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "ते पोरगं मी हाय. बाहेर पडणारा चूक का बरोबर, ह्यावर मला बोलता यायचं न्हाय. माफ करा."

तो मंचावरून उतरला आणि सरळ मागे चालत गेला. तेव्हा उत्कर्षाला दिसलं. शेवटच्या रांगेत वॉचमनचा निळा गणवेश घातलेला एक माणूस डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. लेकाचं भाषण ऐकायला तो अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. बापलेक शेजारी शेजारी चालत दाराबाहेर पडले.

वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस उत्कर्षाला मिळालं. ढाल कोल्हापूरला गेली. "बोललीस छान," पंचाक्षरी सर म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

त्यानंतर बिरुदेव कॉलेजला आला नाही. फोन लागेना. आठव्या दिवशी ती कुंभारीला गेली, विचारत विचारत घर शोधलं. दारात त्याची आई मायाक्का ज्वारी पाखडत होती. तिने उत्कर्षाचं नाव ऐकलं, सूप खाली ठेवलं.

"ये की बाई, बस. चा ठेवते."

"नको, मी फक्त..."

"बस म्हणते न्हवं."

आतून बिरुदेवचे वडील, धुळाबा, बाहेर आले. उत्कर्षा उठून उभी राहिली. सगळी वाट तिने वाक्यं जुळवत आणली होती, आता त्यातलं एकही आठवेना.

"काका, माझं चुकलं," ती एवढंच म्हणाली.

"तू वंगाळ काय बोलली न्हाईस, पोरी," ते शांतपणे म्हणाले. "माझी बाजूच घेतलीस. पर ते माझं होतं. पाच वर्सं मी ते जपून ठिवलं, पोराला त्याची झळ लागू न्हाय म्हणून. तुला पायजेच होतं तर मागून घ्यायचं."

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मायाक्काने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि जवळच बसली.

"बिरु कुठं आहे?" उत्कर्षाने विचारलं.

"वस्तीवर," धुळाबा म्हणाले. "बाकीच्या आठ घरांत जाऊन सांगतो म्हणला, मीच घातली म्हणून. मी नगं म्हणलं. ऐकतोय कशाला?"

एप्रिलमध्ये परीक्षेपुरता तो आला. शेवटचा पेपर संपल्यावर तो फाटकाशी उभा होता. तिचीच वाट बघत होता. वाळला होता, आणि अजून काळा झाला होता. दोघं एकाच चालीने एसटी स्टँडकडे निघाली.

"काय म्हणाली वस्तीवरची माणसं?" तिने विचारलं.

"सात घरं म्हणली, झालं गेलं सोड. एका म्हातारीनं मला दारातनं माघारी धाडलं." तो किंचित हसला. "आता तितंच राहतोय. कुरणाला कुंपण घालायला लागलोय, पोरं येत्यात मदतीला. आबालाबी घिऊन जायचंय, अजून तयार न्हाय."

सांगोल्याची गाडी लागली होती. माणसं चढत होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

"बिरु, मला तू आवडतोस. खूप. पहिल्या दिवसापासून... मला हे आधी सांगायचं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. तेच डोळे, पण हसू कुठे दिसेना.

"मलाबी तू लई आवडतीस," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? वस्तीवर रोज तुझी याद येती. पर तुला काय सांगायचं मनात आलं, की आदी वाटतं, हे आता कुठं जाईल? मग मी गप बसतो. आणि तुझ्यापाशी गप बसायला मला जमत न्हाय, उत्कर्षा."

"मी परत असं कधीच..."

"ठाव हाय मला. तू करणार न्हाईस. पर मला तसं वाटतंय, त्याला काय करू?"

कंडक्टरने बेल दिली. त्याने तिचा हात हातात घेतला, क्षणभर घट्ट धरला आणि सोडला.

"मी थांबू का तुझ्यासाठी?" तिने विचारलं.

"थांब म्हणायला जीभ रेटत न्हाय," तो म्हणाला. "नगं म्हणायलाबी रेटत न्हाय."

तो गाडीत चढला. गर्दीत त्याचा फिका शर्ट दिसला, मग दिसेनासा झाला. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत ती उन्हात उभी होती.

घरी आल्यावर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, पेपर कसा गेला?"

"चांगला गेला," उत्कर्षा म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.