दुपारचा चिकट बर्फ

स्की कशासाठी असतात? घसरण्यासाठी. मग आमच्या स्की बर्फाला गोंद लावल्यासारख्या का चिकटत होत्या, याचं उत्तर मला कोणीही देत नव्हतं आणि म्हणून माझं डोकं फिरलं होतं.

मी शलाका कवठेकर, सांगली, इयत्ता सातवी. २०५८ सालच्या मार्चमध्ये आमचं बारा मुलांचं पथक उत्तराखंडातल्या धौलासारीच्या उतारावर स्कीइंग शिकायला गेलं होतं. पथकप्रमुख होते खासनीस काका आणि शिकवायला होता बुरांश नावाचा यंत्रमानव. हे नाव तिकडच्या लाल फुलांवरून ठेवलेलं. मराठी बोलायचा, पण असं की पाठ्यपुस्तकालाही जांभई यावी.

परीक्षा सोपी होती. लाल झेंड्यापासून हिरव्या झेंड्यापर्यंत न थांबता यायचं. जमलं, तर शेवटच्या दिवशी देवदारांच्या वरचा मोठा उतार. नाही जमलं, तर खाली चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर हिममाणूस करत बसा! दोन दिवस आम्ही सगळे अर्ध्यातच अडकलो. बाकीचे हसले. मला मुळीच हसू आलं नाही. आता एकच संधी उरली होती, उद्याची.

त्यातून ती हेमा नेगी. माझ्याएवढीच, तिथल्याच गावातली. रोज सकाळी आम्ही नाश्ता करत असताना ती खिडकीसमोरून सुळ्ळकन खाली जायची. मी तडक बुरांशला गाठलं.

"तू गावातल्या मुलांना चांगल्या स्की देतोस आणि आम्हाला भंगार! हा सरळ सरळ पक्षपात आहे."

"हा आरोप तपासून पाहता येईल," बुरांश शांतपणे म्हणाला. त्याच्या शांतपणाचाही मला राग आला. "हेमाच्या स्की तू घाल. तुझ्या ती घालेल."

दुपारचे साडेबारा झाले होते. मी हेमाच्या स्की घालून निघाले आणि दहा पावलांवर खच्चकन थांबले. मागून हेमा आली, तीही थांबली, वर तोंडावर आपटली.

"मेरी भी चिपक गई!" ती हसत ओरडली.

म्हणजे दोष स्कीचा नव्हता. दोघींच्या स्की बदलल्या, तरी दोघी अडकलो. बदललं नव्हतं ते फक्त एकच, खालचा बर्फ.

बुरांशने चिमूटभर बर्फ तळहातावर घेतला. त्याच्या तळहातात भिंग होतं आणि छातीवरच्या पडद्यावर बर्फाचे कण मोठे दिसू लागले. गोल गोल दाणे, पाण्यात बुडालेले.

"वसंतात ऊन कडक असतं," तो म्हणाला. "दिवसा वरचा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. याला वितळण-गोठण चक्र म्हणतात. असं रोज होऊन कणांची टोकं झिजतात आणि हे दाणे तयार होतात."

"साबुदाण्यासारखे," मी म्हणाले.

"साबुदाणा माझ्या माहितीसाठ्यात आहे. उपमा योग्य आहे. आता पाहा. स्की घसरताना घर्षण होतं (दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा). त्याच्या उष्णतेने थोडा बर्फ वितळतो आणि पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो. त्या थरावरून स्की घसरते."

"मग दुपारी भरपूर पाणी असतं, तर आणखी घसरायला हवी!"

"ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट ठेवून उचललं आहेस?"

उचललं होतं. सुटता सुटत नाही ते. मधली सगळी फट पाण्याने भरली, की पाणी दोन्ही बाजूंना धरून ठेवतं. याला केशाकर्षण म्हणतात (बारीक फटीत पाणी ओढलं जाऊन टिकून राहणं). थोडं पाणी घसरवतं, फार पाणी पकडतं. साबुदाणा कमी भिजला तर टणक, जास्त भिजला तर गिचका!

मला सगळं पटलं आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. पथकप्रमुखांना लेखी सूचना दिली होती. पूर्वेकडे तोंड असलेल्या या उताराची योग्य वेळ, सकाळी साधारण साडेनऊ ते पावणेअकरा."

मी काकांकडे वळले. काकांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला.

"अगं, पण साडेनऊला आपला नाश्ता असतो," ते म्हणाले. "मग चहा, मग हजेरी. पोटात दोन घास गेल्याशिवाय मुलांना डोंगरावर न्यायचं नाही, हा आपला तीस वर्षांचा नियम आहे."

"सांगलीतून दोन हजार किलोमीटर आलो ते पोहे खायला?" माझा आवाज चढला. "बर्फ तुमच्या नाश्त्यासाठी थांबतो का काका? आणि मुलांना एका शब्दाने सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

काकांचे कान लाल झाले होते, थंडीने नव्हे.

दुसऱ्या दिवशी काकांनी कमालच केली. नाश्ता डब्यात भरून पहाटेच उठवलं आणि सातला आम्हाला उतारावर उभं केलं! मी निघाले, आणि स्कीवरून नाही, बुडावर घसरत वीस मीटर खाली गेले. रात्रभर गोठलेला उतार फरशीसारखा टणक होता.

"काका!" मी किंचाळले. "साडेनऊ म्हणजे साडेनऊ, सात नव्हे!"

"आता लवकर आणलं तरी बोलणी खायची," काका पुटपुटले. पण डबे उघडले. आम्ही उन्हात बसून खाल्लं आणि वाट पाहिली.

हेमाने मला एक युक्ती दाखवली. हातमोज्यातला अंगठा बर्फात दाबायचा. जराही रुतला नाही, तर लवकर आहे. पार आत गेला, तर उशीर झाला. वरचा बोटभर थर दबला आणि खाली टणक लागलं, की निघायचं. मी दर पाच मिनिटांनी दाबून पाहत होते. नऊ पस्तीसला अंगठा बरोबर तेवढाच रुतला.

मी लाल झेंड्यापाशी उभी राहिले आणि सुटले. स्कीखाली दाणे सरसर सरकत होते, वारा कानाशी होता, आणि हिरवा झेंडा कधी मागे पडला ते मला कळलंच नाही. पुढच्या जाळीत जाऊन आदळले तेव्हाच थांबले. माझ्यामागून आमच्यातले आणखी नऊ जण न अडकता आले.

"तुझ्यासारखी माणसं पुढे लागतील," बुरांश म्हणाला. "हिवाळे बदलत आहेत. कालची वेळ उद्या चालेलच असं नाही. रोज बर्फालाच विचारावं लागेल."

शेवटच्या दिवशी आम्ही दहा जण देवदारांच्या वर पोहोचलो. या उताराचं तोंड नैर्ऋत्येकडे होतं, म्हणून ऊन नुकतंच आलेलं. काकांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.

मी वाकून अंगठा दाबला.

"अजून अर्धा तास," मी म्हणाले.

काका बर्फावर मांडी घालून बसले आणि त्यांच्यामागे वर आलेली सगळी मुलं बसली.