मोठ्या किल्लीची मुदत

मेलेल्या माणसाला तुम्ही तीन वर्षं राबवलंत. शोकसभेत दोन मिनिटं माना खाली घातल्यात, चहा प्यायलात आणि त्याला पुन्हा कामाला जुंपलंत. तुमच्यापैकी एकालाही ते कळलं नाही, कारण समोर आलेलं वाचायचं असतं हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं.

कळलं ते तिला. एका साध्या दुपारी, एक साधा दाखला पुरा करताना.

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, गार यंत्रखोलीला लागून, ती बसायची. रुग्णांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय उघडता येईल, हे सांभाळणं तिचं काम. एखाद्याला नेहमीपेक्षा जास्त हवं असेल तर चार तासांपुरती जादा परवानगी मिळे. सगळे तिला ‘मोठी किल्ली’ म्हणत. ती हातात असली की कुणाचंही दुखणं वाचता येई, कुणाचंही निदान बदलता येई. म्हणून मागताना कारण लिहायचं आणि साहेबांनी ते वाचून मंजूर करायचं, असा नियम होता. लोक कारण काय लिहीत? ‘काम.’ काही जण नुसतं एक टिंब देत. एका विभागप्रमुखांनी तर ‘कारण आहे’ असं लिहिलं होतं, आणि हे गृहस्थ बाहेर शिस्तीवर व्याख्यानं देत फिरायचे.

तिने स्वतः दोन वर्षांत एकदाही ती किल्ली घेतली नव्हती, आणि हे ती चारचौघांत ऐकवायचीही. लोक पाठीमागे तिला ‘नियमावली’ म्हणत. ते तिला मनातून आवडायचं.

मुदत संपलेली एकही मोठी किल्ली कुणाकडे उरलेली नाही, असा दाखला त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिच्या सहीने वर जायचा होता. तिने यादी काढली. यादीत एकच ओळ होती, आणि ती तात्यांची होती.

तात्या म्हणजे तिच्याआधी याच खुर्चीत बसणारे. तिने त्यांना पाहिलं नव्हतं. बाराही महिने तपकिरी स्वेटर घालायचे आणि सर्दीसाठी रुमालावर नीलगिरीचं तेल शिंपडायचे, एवढं ऐकून होती. एका रविवारी चार तासांची किल्ली घेऊन ते कुणाचं तरी अडलेलं काम करायला आले, आणि सोमवारी सफाईवाल्या मावशींना खुर्चीतच सापडले. त्या चार तासांची मुदत तेव्हापासून दर चार तासांनी वाढत होती. मंजुरी साहेबांची.

ती वर गेली. साहेबांना हसू आलं. आपण कधी काही मंजूर करत नाही, ते आपोआप होतं, असं ते अगदी अभिमानाने म्हणाले. मग जरा आठवून सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी रजेवर जाताना त्यांनी मंजुरीचं काम आठ दिवसांसाठी तात्यांवर सोपवलं होतं. परत घ्यायचं राहिलं बहुतेक.

“सही करून टाक ना,” ते म्हणाले. “मेलेला माणूस काय करणार आहे?”

ती जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात नुसती चीड होती. कुणीतरी तात्यांचा पासवर्ड वापरून साहेबांच्या नावाने मंजुऱ्या देतंय, एवढंच तिने धरलं होतं. तिने जुन्या मागण्या उघडल्या. टिंबवाल्या सगळ्या परत आलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एकच शेरा होता: ‘कारण लिहा. पूर्ण वाक्यात.’ लोकांना वाटायचं, यंत्रच बोलतंय. शेवटचा शेरा त्याच सकाळचा होता. तीन वर्षांत या इमारतीत कुणी काही वाचत असेल, तर हा एकटाच.

खोलीत नीलगिरीचा वास आला.

ती जागेवरच बसून राहिली. एखाद्याची मोठी किल्ली काढायची तर आपल्याकडे मोठी किल्ली लागते. तिने आयुष्यात पहिल्यांदा ती मागितली. कारण: ‘बंद करणे.’

मागणी लगेच परत आली. ‘कारण लिहा. पूर्ण वाक्यात.’

यंत्रखोलीची घरघर भिंतीतून येत होती. तिने रकान्यात लिहिलं, ‘तुम्ही कोण...’

‘रविवारपासून बसलो आहे. कारण लिहा.’

मागे वळून बघावंसं वाटत होतं, आणि मान वळत नव्हती. वास आता अगदी खांद्यापाशी होता, आणि त्यात ओल्या लोकरीचाही वास मिसळला होता. पाचाला दहा मिनिटं होती. तिने हळूहळू टाइप केलं, ‘तुमची किल्ली काढून तुम्हाला मोकळं करायचं आहे.’

पाचाला दोन मिनिटं उरली. मग पडद्यावर एक चौकट उघडली. बारीक अक्षरात दहा-बारा ओळी, आणि खाली एक बटण: ‘मान्य.’

तिने सरळ बटण दाबलं.

वर तात्यांची ओळ दिसत होती. तिने ती पुसली. यादी रिकामी झाली, वास गेला, आणि पाठीमागे खुर्ची सरकावी तसा बारीकसा आवाज झाला. खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर ती बसली होती.

दाखल्यावर सही करून तिने तो वर धाडला. निघताना सवयीने यादी पुन्हा एकदा उघडली. एक ओळ होती. तिचं नाव. मंजूर करणारे: तात्या. मुदत: बदली येईपर्यंत.

ती धावतच तळघराच्या दाराशी गेली. कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. दाराशेजारच्या फोनवरून तिने गेटवर रिंग दिली. पहारेकरी नवा होता, जेमतेम आठवड्याचा.

“दादा, दार उघडा जरा... माझं कार्ड चालत नाहीये.”

पलीकडे तो वहीची पानं चाळत असल्याचं ऐकू आलं.

“ताई, तुमची वेळ झालेली दिसत नाही,” तो अदबीने म्हणाला. “आत्ताच ते तपकिरी स्वेटरवाले काका बाहेर पडले, त्यांना मी विचारलं, खाली अजून कुणी आहे का? तर म्हणाले, बाई बसतील, त्यांनी सगळं वाचूनच मान्य केलंय.”