उजवीकडचा स्पीकर

लाइट गेली. रेडिओदुरुस्तीच्या दुकानातले पंखे घरघरत थांबले आणि रस्त्यावरून कोणीतरी वीज खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रिझ्ककाकांनी बशीत मेणबत्ती चिकटवली, बशी कोपऱ्यातल्या चादर टाकलेल्या कंबरेएवढ्या पेटीवर ठेवली आणि चहाचा ग्लास पुढे ओढला.

"काका, आता भुताची होऊन जाऊ दे," मरीना म्हणाली. ती त्यांच्या भावाची मुलगी, असियूतच्या कॉलेजातून सुट्टीला इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूस गावी आलेली. तिचे दोघे धाकटे भाऊ आधीच स्टुलांवर पाय वर घेऊन बसले होते. "पण खरी सांगा. मागच्या वेळचं ते गाढव बोललं होतं, तसली नको."

"गाढव बोललं नव्हतं. हसलं होतं."

"तेच ते."

"ही खरी आहे. राविया माझ्या ओळखीची. तुझ्याहून थोडी मोठी, आणि जिभेने तुझ्याइतकीच."

राविया त्या दिवशी रिझ्ककाकांकडे आली ती स्पीकरची वायर घ्यायला. चौदा नोव्हेंबर २०१९, गुरुवार. सूर्य नुकताच उसाच्या मागे गेला होता. जाड दुहेरी वायर, थोडं स्पिरिट, कापूस. काकांनी विचारलं, "कशाला गं?" तर ती म्हणाली, "बाबांचा स्टिरिओ लावतेय. हाजीसाहेबांचा हुकूम आहे." हाजीसाहेब म्हणताना तिचं तोंड कडू झालं होतं.

हाजी शाझली म्हणजे तिचा सख्खा काका. तिचे बाबा, सादिक, कुवेतला नोकरीला होते. तिथून त्यांनी तो स्टिरिओ आणला: ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक, दोन मोठे स्पीकर, दोन माईक. चुलतभावाच्या लग्नात त्यांनी गच्चीच्या दोन टोकांना दोन माईक बांधले आणि ढोल, गाणी, बायकांच्या किलकाऱ्या, सगळं कॅसेटवर घेतलं. लग्न म्हटलं की हवेत गोळ्या झाडायच्याच. त्यातली एक सादिकच्या मानेत शिरली. तेही कॅसेटवर आलं. राविया तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचा भाऊ बहगत आईच्या पोटात. ती आईही पुढे फार जगली नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्या रात्री शाझली आपल्या छोट्या, एकाच स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट बहगतला ऐकवायचा. ढोल, बाबांचं हसणं, गोळी, आक्रोश. सात वर्षांच्या बहगतने गोळीचा आवाज ऐकून चड्डी ओली केली तेव्हा शाझलीने त्याला पट्ट्याने फोडून काढलं. आणि मग ठरलेलं कीर्तन.

"ऐकलंस? बरकातांच्या गच्चीवरून आली ती. नागी बरकातने झाडली. तुझ्या बापाने एक माईक त्यांच्या गच्चीकडे बांधला होता, दुसरा आपल्या जिन्याकडे. मी मेला नेमका खाली अंगणात, शरबत आणायला गेलेलो. वर असतो तर ती गोळी मी झेलली असती."

नागी बरकात शपथा घ्यायचा, की मी आभाळाकडे झाडत होतो. एकदा तर तो स्वतःचं कफन दोन्ही हातांवर आडवं घेऊन, अनवाणी, भर दुपारी त्यांच्या दारात आला. मारा, नाहीतर माफ करा, असा त्याचा अर्थ. शाझली त्या कफनावर थुंकला. सूड घेतल्याशिवाय या घरात सांत्वनाची कॉफी उकळणार नाही, म्हणाला. सादिकच्या नावाने शोकाचा मांडव उभा राहिला नाही, की खुर्च्या मांडल्या नाहीत. त्याची शेती मात्र शाझलीने दुसऱ्याच हंगामात आपल्या शेतीला जोडून घेतली.

"आणि त्याचे स्वतःचे मुलगे?" मरीनाने मध्येच विचारलं.

"दोन. कैरोत शिकत होते."

"त्यांना नाही ऐकवली कॅसेट?"

"नाही."

"बघा! म्हाताऱ्यांनी गादीवर बसायचं आणि दुसऱ्याच्या पोराने फासावर जायचं."

काकांनी चहाचा घोट घेतला.

तर त्या वर्षी बहगतला एकविसावं लागलं होतं. त्या रात्री नागीच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी होती. पाणी लावून तो काठाकाठाने एकटाच परतणार होता. बहगतने वाटेत बसायचं. सगळं ठरलं होतं. फक्त शाझलीचा तो टेपरेकॉर्डर नेमका त्याच आठवड्यात बंद पडला होता.

"तुझ्या बापाचं ते धूड लाव," तो रावियाला म्हणाला. "आवाज मोठा पाहिजे. पोराचं रक्त उसळलं पाहिजे."

रावियाने वाद घातला नाही. वाद घालून आठ दिवसांत तिला दोन थपडा मिळाल्या होत्या, बाकी काही नाही. तिने मनाशी ठरवलं, की जितका वेळ काढता येईल तितका काढायचा. नागी घरी पोचला की आजची रात्र टळली. उद्याचं उद्या.

वरच्या खोलीत तिने धूळ पुसली. स्पिरिटच्या बोळ्याने डेक साफ केला, तपकिरी मळ निघाला. एक स्पीकर डाव्या भिंतीशी, एक उजव्या, दोन्हींची तोंडं किंचित आत, मधल्या खुर्चीकडे. मग मापं घेतली. पुन्हा सरकवले. पुन्हा मापं.

"अगं, तबला लावतेस की काय?" शाझली ओरडला. तो उजव्या स्पीकरला लागूनच खुर्ची टाकून बसला होता. "आणि दोन कशाला? एकानेही आवाज येतो."

"दोन माईक होते ना काका? मग दोन स्पीकर. एका माईकने जे ऐकलं ते एकातून, दुसऱ्याने ऐकलं ते दुसऱ्यातून."

"बरं बरं. आटप."

मधल्या खुर्चीत बहगत होता. मांडीवर बंदूक. चेहरा पिठासारखा पांढरा.

"ताई, पाणी दे ना."

"देते. बस तू. उठू नकोस."

तिने कॅसेट लावली. ढोल सुरू झाले आणि त्यांत बाबांचा आवाज, पण विरघळल्यासारखा. खोलीत कुठेच नाही, आणि सगळीकडे. जणू कोणी पाण्याखालून बोलतंय. रावियाने बंद केलं.

"काय झालं?"

"एका स्पीकरच्या तारा उलट लागल्यात."

"लागू दे! ऐकू येतंय ना?"

"बाबा कुठे उभे आहेत ते कळत नाही."

तिने तारा सोडल्या. सावकाश. लाल जागी लाल, काळ्या जागी काळी. पुन्हा बटण दाबलं.

आणि बाबा उभे राहिले.

दोन स्पीकरांच्या मधे काहीच नव्हतं, नुसती रिकामी भिंत होती. तिथून, माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवरून, आवाज आला. हसण्याआधीचा श्वाससुद्धा. बहगतच्या हातावर काटा आला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा बापाला ऐकलं, गोळी लागलेल्या माणसाला नव्हे. डावीकडे, लांब, बरकातांच्या गच्चीवर बार उडत होते. एक. दोन. उंच, आभाळात विरणारे. ढोलही डावीकडेच. त्या छोट्या टेपरेकॉर्डरवर हे सगळं एकाच ढिगात पडायचं, ढोलांखाली बोलणं बुडायचं. आज प्रत्येक आवाज आपापल्या जागी होता.

त्यामुळे उजवी बाजू मोकळी झाली. उजवीकडे जिना होता.

जिन्यावर पावलं वाजली. चढणारी...

बाबांचा आवाज वळला. "अरे शाझली, शरबत आणलंस?"

धाड!

उजवीकडून. अगदी जवळून.

तिघांच्याही माना एकदम उजवीकडे वळल्या. शाझलीचीसुद्धा.

मग आक्रोश. कॅसेट फिरत राहिली.

"ताई," बहगत हळूच म्हणाला. "परत लाव."

"काही लावायचं नाही!" शाझली खेकसला.

तिने लावलं. पावलं. "अरे शाझली, शरबत आणलंस?" धाड!

बहगत उभा राहिला. "तुम्ही तर खाली होतात ना, काका?"

शाझली उत्तर द्यायला थांबला नाही. त्याने बंदूक हिसकली आणि दस्ता पोराच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. दात फरशीवर टणटणत गेले. बहगत पडला, तसा त्याच्या बरगडीत लाथ बसली. मग दुसरी. काहीतरी आतून मोडल्याचा आवाज आला. राविया शाझलीच्या पाठीवर झेपावली, त्याचा कान दातांत धरला आणि सोडला नाही. त्याने तिला भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं.

"बापासारखीच जीभ," तो धापा टाकत म्हणाला. अर्धा कान लोंबत होता. "त्यालाही वाटणी हवी होती. प्रत्येक गोष्टीत वाटणी."

कॅसेटवरच्या बायका अजून रडत होत्या. त्याने वायर धरून प्लग उपटला.

सगळं थांबलं. डेकचा दिवा विझला.

त्याने नळी बहगतच्या कपाळाला लावली. "उद्या गावाला सांगेन. बरकातांनी बापाला मारलं, आता दोन्ही पोरांना मारलं."

"काका..." राविया फरशीवरून सरपटत होती. "काका, नको..."

आणि भिंतीपाशी कोणीतरी श्वास घेतला.

हसण्याआधीचा श्वास.

शाझलीचा हात थांबला. त्याने प्लगकडे पाहिलं. प्लग त्याच्या पायाशी पडला होता.

"शाझली..."

दोन स्पीकरांच्या मधून. माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवरून.

त्याने वळून झाडली. भिंतीचा गिलावा उडाला. तिथे कोणी नव्हतं.

"शाझली..."

पुन्हा झाडली. गोळी बल्बला लागली.

अंधार.

रावियाने चाचपडत भावाला गाठलं आणि त्याच्यावर आडवी पडली. त्याचं रक्त तिच्या गालाला गरम लागलं. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. बोलू नकोस. हलू नकोस.

पावलं वाजली.

मधून... उजवीकडे.

सावकाश.

"सादिक," शाझली पुटपुटला. "भावा... मी..."

एक पाऊल.

"...मुलं लहान होती रे..."

आणखी एक.

मग काहीच नाही. फक्त शाझलीचा श्वास. आणि त्याच्या अगदी कानाजवळ, दुसरा.

"शरबत आणलंस?"

धाड!

तिने भावाचा मोबाइल शोधून दिवा लावला तेव्हा शाझली उजव्या स्पीकरशेजारच्या आपल्या खुर्चीत कोसळलेला होता. बंदूक मांडीवर. मान उजवीकडून फुटली होती आणि रक्त ओंजळीने ओतल्यासारखं सदऱ्यावरून वाहत होतं. तोंड उघडं. तो अजून वळून स्पीकरकडेच बघत होता.

पोलिसांनी बंदूक साफ करताना अपघात झाला असं लिहिलं. राविया आणि बहगत काही बोलले नाहीत. कोणी फार विचारलंही नाही.

आठवड्याभराने त्या घरापुढे शोकाचा मांडव उभा राहिला. शाझलीचा नव्हे, त्याला त्याच्या मुलांनी कैरोला नेऊन पुरलं होतं. मांडव सादिकचा होता. एकवीस वर्षांनी. पहिल्यांदा आत आला तो नागी बरकात, रिकाम्या हातांनी. बहगत बरगड्या धरून उठला. ओठाला टाके होते, नीट बोलता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "बसा, काका." आणि रावियाने, बाई असून, सगळ्यांदेखत बिनसाखरेच्या कॉफीचा पेला स्वतः त्याच्या हातात दिला. जुने लोक कुजबुजले. ती म्हणाली, "कुजबुजा. निदान आज कोणी मरत नाहीये."

रिझ्ककाका थांबले. बाहेर कुठेतरी जनरेटर सुरू झाला आणि बंद पडला.

"संपली?" मरीना म्हणाली. ती हार मानणारी नव्हती. "काका, हे उघड आहे. दोघांपैकी एकाने मारलं त्याला. अंधारात बंदूक खेचली आणि मारलं. मी असते तर मीही मारलं असतं, वर भुताचं नावही सांगितलं नसतं."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"ती दोघं अलेक्झांड्रियाला राहायला गेली. जायच्या आधी रावियाने मला हे सगळं सांगितलं आणि तो उजवीकडचा स्पीकर माझ्याकडे दुरुस्तीला टाकून गेली. न्यायला आलीच नाही. तुझ्यासारखाच हिशेब मीही केला होता. मग त्याची मागची फळी उघडली."

त्यांनी मेणबत्तीची बशी उचलली आणि पेटीवरची चादर ओढली. दोघे भाऊ स्टुलांवरून उतरून मरीनाच्या मागे झाले.

जुना स्पीकर होता. लाकूड धड, मागची फळी अखंड, कुठे ओरखडासुद्धा नाही. फक्त पुढच्या कापडाला आणि त्यामागच्या कागदी पडद्याला, मधोमध, बोट जाईल एवढं भोक होतं.

"उंदराने कुरतडलं," मरीना म्हणाली.

"हात लावून बघ."

तिने बोट घातलं. भोकाच्या कडा आत वळलेल्या नव्हत्या. सगळ्या बाहेर वळल्या होत्या, फुटलेल्या कळीसारख्या.

तिने बोट बाहेर काढून मेणबत्तीपाशी धरलं. टोक काळं झालं होतं. बंदुकीच्या दारूचा वास आला. आणि ती काजळी...

अजून कोमट होती.