पलंगाची पलीकडची बाजू

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. लोकांना पटवत बसायचा मला कंटाळा आला आहे. पण हे माझ्यासोबत झालं. त्या दिवशी मला ताप नव्हता, मी उपाशी नव्हती आणि झोपेतही नव्हती.

रात्र पण नव्हती. भर दुपार होती.

एप्रिलमधली अमावस्या. गाव कारंजा लाड. तिथल्या एका नर्सिंग शाळेत मी शिकत होती. शाळेचं नाव सांगत नाही, तिथं अजून पोरी शिकतात. खाली शिखरचंद शेठचं धान्याचं गोडाऊन, वर आमची शाळा, मागं होस्टेल. एरवी दिवसभर खालून हमालांचा गलका आणि तुरीची धूळ. अमावस्येला बाजार बंद, त्यामुळे त्या दिवशी गोडाऊनात चिटपाखरू नव्हतं.

मी साधना. घर इंझोरीला. त्या दुपारी मी शाळा कायमची सोडून चालली होती.

पहिल्या वर्षी आमचा वर्ग गच्च भरलेला होता. मग गळती लागली. एकीनं वॉर्डात सडलेली जखम पाहिली आणि त्याच संध्याकाळी बापाला बोलावून घेतलं. एकीचं लग्न जमलं. एकीला पुस्तकातलं इंग्रजी झेपेना. ती रोज रडायची. एक दिवस रडली नाही, बॅग उचलून निघून गेली. दिवाळीला घरी गेलेल्या दोघी परत आल्याच नाहीत.

कोणाला काय म्हणणार? सकाळी ड्युटी, दुपारी लेक्चर, परत ड्युटी. पाय सुजायचे. पेशंटचे नातेवाईक खेकसायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मी टिकली ती पंचफुलामुळे.

पंचफुला माझी जोडीदारीण. आमच्याकडे पलंग लावायचा धडा दोघींनी मिळून करायचा असतो. एक अलीकडं, एक पलीकडं. चादर दोन्हीकडून एकदम ताणायची, कोपरे गादीखाली दाबायचे. सुरकुती राहिली तर पडून असलेल्या पेशंटची पाठ सोलते. जोडी पहिल्या दिवशी ठरते आणि तीच शेवटपर्यंत. मी दाराकडच्या बाजूला, पंचफुला खिडकीकडच्या.

ती पोहरादेवीजवळच्या खेड्यातली. घरी पोती भरून शिवायची सवय. त्यामुळे चादरीच्या कोपऱ्यालाही ती पोत्यासारखा कान काढायची, धरायला टोक बाहेर ठेवायची. मॅडम डोक्याला हात लावायच्या. "पंचफुला, हे पोतं नाही, बेड आहे."

पण जिद्दीची. मी घरी जायचं काढलं की माझी बॅग लपवून ठेवायची.

"जाशीन कुठी? घरी गेली तं काय राजाची रानी होशीन? झोप आता. सकाळी पाह्यजो."

सकाळी मी जायची नाही.

दुसऱ्या वर्षी घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं. सासरचे म्हणाले, शिकवू. शिकवलं नाही. ती चोरून फोन करायची. "साधना, माह्यी जागा कोनाले देऊ नोको. मी येतो म्हंजे येतो."

मग तिला ताप आला. खेड्यातच सलाईनवर ठेवलं. मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले तेव्हा उशीर झाला होता.

शाळेत तिचं नाव सोडून गेलेल्या पोरींत धरतात. मला त्याचा फार राग येतो. तिनं सोडलं नव्हतं.

त्यानंतर मी एकटीच सराव करायची. दुपारी पोरी झोपल्या की प्रॅक्टिकलच्या खोलीत जायची, चादर टाकायची, माझी बाजू दाबायची, मग फिरून पलीकडं जायची.

एक दिवस मी माझी बाजू दाबत होती आणि...

चादर पलीकडून ताणल्या गेली.

वाटलं, पंखा. वर पाहिलं तर लाईट गेलेली. पंखा बंद होता.

पलीकडं जाऊन पाहायची हिंमत झाली नाही. इकडूनच वाकून पाहिलं. खिडकीकडच्या कोपऱ्याला...

कान होता. पोत्याला असतो तसा.

दुसऱ्या दिवशी पण तेच. तिसऱ्या दिवशी पण. मी पलीकडं जायचंच बंद केलं. माझी बाजू लावायची, पलीकडची आपोआप लागायची.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाहीस? खरं सांगू, भ्यायला पण अंगात जोर लागतो. माझ्या अंगात तो राहिला नव्हता.

खाली शेठच्या आई राहायच्या, जतनबाई. एकदा नळावर त्यांनी मला थांबवलं.

"बेटा, दुपारी जरा आराम करत जा ना दोघी. माझ्या डोक्यावर पावलं वाजतात."

"दोघी?"

"तू आणि ती दुसरी, भारी पायाची. तिला हळू चालायला सांग."

पंचफुला टाचा आपटत चालायची. मी मान हलवली आणि बादली घेऊन वर आली. कोणाला सांगणार? मॅडम म्हणाल्या असत्या, डोक्यावर परिणाम झाला, घरी पाठवा.

आणि मला तर घरीच जायचं होतं. सोबतीला एक मेलेली पोरगी असली तरी जीव मेटाकुटीला आलाच होता. अमावस्येच्या सकाळी मी बाबांना फोन केला आणि नुसती रडली.

बाबा म्हणाले, "ये माय घरी. नसन होत तं नोको करू. कोनी काई म्हननार नाही. मी फाट्यावर येऊन थांबतो."

मॅडमनी अडवलं नाही. त्यांनीही हात टेकले होते. एवढंच म्हणाल्या, "बेड लावून जा. आपण बेड उघडा टाकून जात नसतो."

चपला बाहेर काढून मी खोलीत शिरली. बॅग दाराशी ठेवली. धुतलेली चादर झटकून टाकली.

पलीकडून लगेच ओढल्या गेली...

रोजच्यासारखी नाही. इतक्या जोरानं की माझ्या हातातून सुटली. मी धरली, ओढली. तिकडून परत हिसका. माझी बोटं दुखायला लागली. समोर कोणी नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, बस.

मी रडकुंडीला आली. पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"पंचफुला, मी थकली व. माह्याच्यानं नाही होत आता. जाऊ दे मले."

चादर ढिली पडली.

एकदम. पलीकडची कड खाली लोंबायला लागली. मग... काहीच नाही.

मी बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि वळून पाहिलं. अर्धा पलंग तसाच होता. इतकं वाईट वाटलं की पाय उचलेना. तिला मी नाही म्हणून टाकलं, आणि तिनं मुकाट्यानं ऐकलं. जिवंत असताना तिनं माझं कधी ऐकलं नव्हतं.

म्हटलं, तिची बाजू आपण लावू आणि मग जाऊ.

बॅग परत दाराशी ठेवली. कितीतरी दिवसांनी पलीकडं गेली. उन्हानं फरशी तापून पायाला चटके बसत होते. पण पलंगाशी, दोन पावलांपुरती जागा...

थंडगार होती.

मी तिथंच उभी राहिली. दुसरीकडं उभं राहून चादर लावता येत नव्हती. मी वाकली. गादी उचलली. कड आत दाबली.

आणि समोरून, माझ्या बाजूनं...

चादर ताणल्या गेली.

हळू, कंटाळल्यासारखी. मी ओढायची तशीच. माझ्या डोळ्यांसमोर दाराकडचा कोपरा दुमडला आणि गादीखाली गेला. कान नाही, काही नाही. नीट, तिरपा, मी लावते तसा.

मग पावलं वाजली. भारी नव्हती. पाय ओढत चालणारी, सुजलेल्या पायांची पावलं. दारापर्यंत गेली. जिना उतरली. खालचं फाटक वाजलं...

मी त्या थंड जागेवर उभीच होती. माझी बॅग दाराशीच होती.

मी गेली नाही. ठरवून थांबली असं पण नाही. जायचं होतं हेच मनातून गेलं होतं. बाबांना फोन केला, फाट्यावरून घरी जा म्हटलं. बॅग उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

संध्याकाळी खाली गेली. जतनबाई दिवस मावळायच्या आत जेवण आटोपून ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून त्या चपापल्या.

"अगं, तू परत कधी आलीस? दुपारी तर गेलीस ना? मी आवाज दिला, वळून पण पाहिलं नाहीस. स्टँडच्या रस्त्यानं गेलीस."

मी म्हटलं, "मी कुठंच गेली नाही."

त्या उठून आत गेल्या. पुढं कधी बोलल्या नाहीत माझ्याशी.

मी पास झाली. चांगल्या मार्कांनी. आता जिल्ह्यातच एका दवाखान्यात आहे. नवीन पोरी येतात, महिनाभरात रडतात, अर्ध्या निघून जातात. मी दोन-दोन ड्युट्या करते. थकवा येतो. पाय अजून सुजतात. फक्त थांबावंसं वाटत नाही, आणि रडू येत नाही. लोक म्हणतात, जिद्द पाहा पोरीची.

मागच्या महिन्यात घरी गेली होती. जेवताना बाबा किती तरी वेळ माझ्याकडे पाहत होते.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. तू पयले अशी नव्हती. थकली की रडे. घरी येतो म्हने." त्यांनी घास ताटातच ठेवला. "त्या दिवशी फोनवर रडली थे माही पोरगी होती. मंग कुठी गेली व थे?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

हल्ली कारंज्याच्या स्टँडवर उतरली की मी लवकर बाहेर पडत नाही. बाकड्यांवर बॅगा घेऊन बसलेल्या पोरींची तोंडं एक-एक करून पाहते. एखादी मान खाली घालून रडत बसलेली असली... तर जवळ जायची माझी छाती होत नाही.